गरम झाली की बंद

मधुकर हळब्यांनी उभ्या आयुष्यात होडी घेतली नव्हती, होडीची मोटर तर नाहीच नाही, आणि मासा त्यांच्या घरात आला होता तो फक्त अंकलिपीतल्या 'म'बरोबर. तरीही नेरूळमधल्या त्यांच्या सोसायटीच्या नोटीसबोर्डावर 'पार्किंगमध्ये बोटीची मोटर चालविण्याबाबत' असा जो कागद लागला, त्यात नाव त्यांचंच होतं. हे कसं झालं ते नीट सांगायला हवं. कारण सोसायटीत या प्रकाराच्या तीन वेगवेगळ्या हकिकती फिरतात आणि तिन्हींमध्ये हळबे वेडे ठरतात.

सुरुवात साखरेपासून झाली. डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलं. सोसायटीच्या बागेत चालायला गेलं की बाकीचे साखरवाले भेटत आणि आपापले आकडे सांगत, म्हणून हळबे सारसोळ्याच्या जेट्टीकडे जाऊ लागले. तिथे साखरेबद्दल कोणी बोलत नसे. तिथे एक कोळी नवरा-बायको भांडत असत. बायको भांडे आणि नवरा ऐके, हे जास्त खरं. नवऱ्याचं नाव देवजी, वय चौसष्ट-पासष्ट. बायकोचं नाव बयाबाई, आणि तिच्या वयाबद्दल विचारायची कोणाची छाती नव्हती. भांडणाचा विषय रोज एकच. होडीच्या मागे लावलेली पेट्रोलची मोटर. देवजी तिला मशीन म्हणत.

चौथ्या दिवशी बयाबाई टोपली घेऊन निघून गेल्यावर देवजींनी, कोणीतरी उभं आहे म्हणून, हळब्यांना सांगितलं, "सायेब, गरम झाली का बंद पडते. थंड झाली का चालू. चार महिने झाले."

देवजींना काय माहीत, आपण कुठल्या जखमेवर बोट ठेवतो आहोत. हळबे तुर्भ्याच्या एका पंख्यांच्या कंपनीत एकतीस वर्षं तक्रार विभागात होते. तक्रार विभाग म्हटलं की लोकांना वाटतं तिथे पंखे दुरुस्त होत असतील. तिथे पत्रं लिहिली जात. तक्रारींना क्रमांक दिलेले होते आणि प्रत्येक क्रमांकाला तयार उत्तर होतं. सात नंबरची तक्रार : गरम झाला की बंद पडतो. उत्तर : 'आपण पंखा अयोग्य रीतीने वापरीत असावात, वापरातील दोषास कंपनी जबाबदार नाही.' या पत्रावर हळब्यांनी दोन-तीन हजार सह्या केल्या होत्या. सात नंबरचा पंखा खरोखर का बंद पडतो, हे त्यांना एकतीस वर्षांत कळलं नाही. विचारायची पद्धत नव्हती. आणि आता निवृत्तीनंतर, पायात पांढरे बूट आणि मनगटाला पावलं मोजणारं घड्याळ असताना, सात नंबर त्यांच्यापुढे जिवंत उभा राहिला होता.

त्यांनी विचारलं, मिस्त्रीला दाखवली का. देवजींनी दोन मिस्त्र्यांना दाखवली होती. दोघांनीही मोटर दुकानात नेली, दोरी ओढली, आणि थंडगार मोटर पहिल्याच ओढीला चालू झाली. दोघांनीही पाच मिनिटं ऐकून सांगितलं की मशीन चांगली आहे. आणि मशीन चांगली असेल तर वाईट काय आहे, हे बयाबाईंनी स्वतःच ठरवलं होतं. देवजी विसरायला लागले होते. भलतंच काहीतरी दाबत होते. त्यांचा हात गेला होता. हे त्यांनी घरात सांगितलं, शेजारी सांगितलं, मासे विकताना गिऱ्हाइकांनाही सांगितलं, आणि आता सारसोळ्यात देवजी दिसले की माणसं जरा मोठ्याने आणि सावकाश बोलू लागली होती. पुढच्या अमावास्येला मोटर जासईला बयाबाईंच्या भावाकडे, बाजीरावाकडे जायची होती. त्यानंतर देवजींनी घरी बसायचं. हे सांगताना देवजी हळब्यांकडे बघत नव्हते, मोटरीकडे बघत होते.

अमावास्येला अठरा दिवस होते. हळबे घरी गेले आणि त्यांनी एक नवी वही काढली.

स्मिताताई, म्हणजे हळब्यांच्या पत्नी, नवी वही बघून सावध झाल्या. मागची नवी वही हळब्यांनी बोन्साय शिकायचं ठरवलं तेव्हा निघाली होती, आणि त्या प्रकरणात एक चांगलं लिंबाचं झाड गेलं होतं. हळब्यांनी त्यांना एवढंच सांगितलं की एका गृहस्थांची एक अडचण आहे आणि आपण ती फक्त नोंदवून घेणार आहोत. नोंदवायला ते दुसऱ्या दिवशी होडीत बसले.

होडीत बसण्याचा हळब्यांचा पहिलाच प्रसंग. पांढरे बूट घालून बसले. मोटर चालू झाली तेव्हा सात वाजून चार मिनिटं. भरतीचं पाणी, तिवरांच्या कडेने बगळे, पलीकडे उरणच्या बाजूला धूसर डोंगर. पण हळब्यांनी यातलं काही पाहिलं नाही. ते घड्याळ आणि देवजींचे हात पाहत होते. देवजींचा एक हात सुकाणूच्या दांड्यावर आणि दुसरा मांडीवर. सात तेवीसला मोटर खोकल्यासारखी झाली आणि बंद पडली. एकोणीस मिनिटं. देवजींनी कशालाही हात लावला नव्हता. हळब्यांनी हे वहीत दोनदा लिहिलं आणि खाली रेघ मारली. त्यांना इतका आनंद झाला की देवजींनी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं.

पंचवीस मिनिटं थांबल्यावर मोटर पुन्हा चालू झाली आणि आता अकराव्याच मिनिटाला बंद पडली. हेही हळब्यांनी आनंदाने लिहिलं. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा मात्र पाणी ओसरायला लागलं होतं आणि होडी हळूच, कोणाला न सांगता, चिखलात बसली. देवजी म्हणाले, आता एक तर भरती येईपर्यंत बसायचं, नाहीतर उतरून चालायचं. भरती दुपारनंतर होती. हळब्यांना अकराला साखरेची गोळी घ्यायची होती. त्यांनी स्मिताताईंना फोन करून उशीर होईल असं कळवलं. कुठे आहात, असं त्यांनी विचारलं. खाडीत, असं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, कशासाठी, आणि एकतीस वर्षं पत्रं लिहिलेल्या माणसाला त्याचं एका वाक्यात उत्तर सुचलं नाही.

खाडीचा चिखल हा रस्त्यावरच्या चिखलासारखा नसतो. रस्त्यावरचा चिखल माणसाला लागतो. खाडीचा चिखल माणसाला ठेवून घेतो. शंभर पावलांच्या त्या प्रवासात हळब्यांचा डावा बूट कायमचा गेला, उजवा त्यांनी निषेध म्हणून हातात घेतला, आणि कमरेपर्यंत त्यांचा रंग एकसारखा करडा झाला. दोनदा ते फोनसकट पुढे पडले, त्यामुळे कमरेच्या वरही फारसा फरक उरला नाही आणि फोनही बंद पडला.

सोसायटीच्या गेटवर नवीन वॉचमन होता. त्याने हळब्यांना अडवून कोणाकडे जायचं आहे असं विचारलं. हळब्यांनी ताठ मानेने सांगितलं, तीनशे चार, हळबे. वॉचमनने नियमाप्रमाणे मोबाइलवर त्यांचा फोटो काढला आणि तो परवानगीसाठी तीनशे चारला पाठवला. स्मिताताई त्या वेळी भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी करंगळीने फोन उघडला, करड्या माणसाचा फोटो पाहिला, आणि 'नाकारा' दाबलं. वॉचमनने हळब्यांना सांगितलं की घरचे नाही म्हणतात. हळबे स्वतःच्या घराच्या दारात, एक बूट हातात घेऊन, बावीस मिनिटं उभे होते. शेवटी त्यांची सुटका रावसाहेबांनी केली.

रावसाहेब म्हणजे दोनशे एक. मूळचे पंढरपूरच्या पलीकडचे, सिडकोतून निवृत्त झालेले, आणि गावाकडे उसाला पाणी देणाऱ्या तीन मोटरी असल्यामुळे जगातल्या सगळ्या मोटरींवर अधिकाराने बोलणारे. त्यांनी आधी हळब्यांना आवाजावरून ओळखलं, मग बागेच्या नळाने धुतलं, आणि धुता धुता सगळी हकिकत काढून घेतली. आमच्याकडं असं झालं की पेट्रोलमधी पाणी असतंय, असं ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत ही बातमी तीन मजल्यांत पसरली आणि सल्ले यायला लागले. पाचशे दोनमधल्या गीतांजलीबाई म्हणाल्या, हल्लीचं पेट्रोलच वाईट, त्यांची स्कूटरही रुसते. एका शेअर बाजारवाल्यांनी मोटर विकून चांगल्या भावात बाहेर पडायचं सुचवलं. तळमजल्यावरच्या आजींनी देवजींची रास विचारली. रावसाहेबांनी रात्रभर विचार करून सकाळी नवी शक्यता आणली : पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला हवा आत यायचं बारीक भोक असतं, ते बुजलं की पेट्रोल ओढलं जात नाही आणि मोटर मरते.

हळब्यांनी एकही सल्ला हसण्यावारी नेला नाही. प्रत्येकाला वहीत एक पान दिलं. पुढचे सहा दिवस त्यांनी देवजींना फक्त काठाकाठाने, तेही भरती चढत असताना, होडी फिरवायला लावली. पेट्रोल गाळून घातलं : एकोणीस मिनिटं. दुसऱ्या पंपावरून आणलं : अठरा. भोक सुईने साफ केलं, तरी एकोणीस. मग झाकणच सैल ठेवलं, तरीही एकोणीस. राशीचं पान त्यांनी कोरं ठेवलं, पण फाडलं नाही. रोज मोटर बंद पडली की काठावर बयाबाई उभ्या असत. त्या काही बोलत नसत. टोपली डोक्यावरून खाली घेत, बघत, आणि पुन्हा डोक्यावर ठेवत. देवजी म्हणाले की यापेक्षा ती भांडत होती तेव्हा बरं होतं.

हळब्यांच्या लक्षात आलं की खाडी ही तपासाची जागा नव्हे. तिथे मोटर बंद पडली की माणूस मोटरीचा विचार करत नाही, स्वतःचा करतो. तपास खुर्चीत बसून करायचा असतो. पाण्याने भरलेल्या पिंपाच्या काठाला मोटर अडकवून चालवता येते असं देवजींनी सांगितलं तेव्हा हळब्यांनी, एखाद्याने पाहुण्याला जेवायला थांबवावं तितक्या सहज, सोसायटीचं पार्किंग देऊन टाकलं.

सोसायटीचे सेक्रेटरी आशुतोष नावाचे चाळिशीतले गृहस्थ होते. सभ्य, हसतमुख, आणि उपविधी पाठ असलेले. ते म्हणाले, काका, काहीच प्रॉब्लेम नाही, फक्त अर्ज द्या. हळब्यांनी अर्ज दिला. मग प्रश्न निघाला की पार्किंग फक्त वाहनासाठी आहे, तर मोटर हे वाहन आहे का. वाहन असेल तर नंबर हवा आणि स्टिकर हवा. वाहन नसेल तर ते सामान, आणि पार्किंगमध्ये सामान ठेवायला मनाई. हळब्यांनी दुसरा अर्ज दिला, त्यात मोटर हे वाहनाचं मागचं अंग असल्याचं मांडलं. आशुतोषने प्रेमाने विचारलं की मग पुढचं अंग कुठे आहे. शेवटी, रविवारी दहा ते बारा, 'पाहुण्यांचे वाहन' या सदराखाली परवानगी मिळाली आणि पाहुण्यांचं पिवळं स्टिकर पिंपाला लावण्यात आलं.

रविवारी देवजी मोटर खांद्यावर घेऊन आले. अर्धी सोसायटी जमली. पेट्रोलची टाकी लांब नळी जोडून दूर ठेवली, सगळ्यांना सिगारेटी विझवायला लावल्या, आणि मोटरीच्या आत काय चाललंय ते दिसावं म्हणून हळब्यांनी तिच्या डोक्यावरची टोपी, म्हणजे वरचं मोठं प्लॅस्टिकचं झाकण, काढून बाजूला ठेवलं. मग खुर्ची, वही, घड्याळ. दहा वाजून नऊ मिनिटांनी देवजींनी दोरी ओढली.

बंद पार्किंगमध्ये बोटीची मोटर किती मोठा आवाज करते, याची नोंद हळब्यांच्या वहीत नाही, कारण आवाज झाल्यावर त्यांच्या हातून पेन पडलं. निळा धूर उठला, छताला लागला आणि जिन्याने वर गेला. दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी आग लागल्याचं सांगायला खाली आलं आणि खाली मोटर बघून थांबलं. पाचव्या मिनिटाला पिंपातलं पाणी उकळल्यासारखं वरखाली होऊ लागलं. रावसाहेब मदतीला उभे होते. त्यांना एक दांडा दिसला. कशाचा आहे हे बघायला त्यांनी तो हलवला. तो गिअरचा होता.

पंखा पाण्यात फिरायला लागल्याबरोबर निम्मं पिंप हवेत गेलं आणि आशुतोषच्या अंगावर खाली आलं. देवजींनी झटकन दांडा मागे घेतला. गीतांजलीबाईंनी बादलीने पिंप पुन्हा भरलं. या सगळ्यात एकाच गोष्टीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही : मोटर बंद पडली नव्हती. एकोणीस मिनिटं झाली. पंचवीस. चाळीस. हळबे खुर्चीच्या टोकावर आले होते. अकरा वाजून एक मिनिटाला, म्हणजे बावन्न मिनिटांनी, ओलेत्या सेक्रेटरींनी सभासदांच्या तक्रारींवरून मोटर बंद करायला लावली. ती आपण होऊन बंद पडलीच नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रावसाहेबांनी हळब्यांच्या पाठीवर थाप मारली आणि गिअर हलवल्यामुळेच आतलं काहीतरी सुटलं असणार, असं सांगितलं. सगळे खूश होते. फक्त देवजी पिंपाशी उभे राहून मोटर सोडवत होते आणि त्यांचा चेहरा पाहून हळब्यांना कळलं की आपण काय केलं. खाडीत, देवजींच्या हातात, एकोणीस मिनिटं. इथे, पन्नास माणसांसमोर, बावन्न. मशीन चांगली होती. बयाबाई म्हणत होत्या तेच खरं ठरलं होतं, आणि ते हळब्यांनी घड्याळ लावून सिद्ध केलं होतं.

देवजी मोटर खांद्यावर टाकून म्हणाले, "जाऊ दे सायेब. माजाच हात गेला असंल."

त्या दुपारी हळबे जेवले नाहीत. स्मिताताईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवलं आणि समोर येऊन बसल्या. अमावास्या बुधवारी होती. हळबे वही पुढे-मागे करत होते. टाकी तीच, पेट्रोल तेच, मोटर तीच. खाडीत देवजींनी काहीही दाबलं नव्हतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते सगळं त्यांनी स्मिताताईंना पहिल्यांदाच नीट, सुरुवातीपासून सांगितलं. स्मिताताईंनी मध्ये एकदाही 'मी म्हणत होते' असं म्हटलं नाही. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "खाली वॉचमन ज्याच्यावर डबा ठेवून जेवतोय, ते पांढरं मोठं झाकण त्या मोटरीचंच का?"

हळबे म्हणाले, हो, देवजी विसरले वाटतं. आणि लगेच म्हणाले, विसरायला लागलेत खरे.

"ते खाडीतसुद्धा काढून ठेवतात का?"

हळबे उठले. चप्पल न घालता खाली गेले, वॉचमनचा डबा उचलून त्याच्या हातात दिला आणि झाकण उलटं करून पाहिलं. आतून ते काळपट झालेलं होतं. खाडीत खारं पाणी आत जाऊ नये म्हणून ते कायम घट्ट बसवलेलं असे; आत गरम हवा कोंडत असणार. पिंपावर ते नव्हतं. म्हणजे मोटर चालून चालून बंद पडत नव्हती. आतली कुठली तरी एकच वस्तू कोंडमाऱ्याने तापत होती आणि तापली की काम सोडत होती. आणि दुकानात थंड मोटर पाच मिनिटं चालवून बघणाऱ्याला ती कधीच सापडणार नव्हती. हळबे झाकण छातीशी धरून पार्किंगमध्ये अनवाणी उभे राहिले. एकतीस वर्षांत त्यांना एवढं सुख कधी झालं नव्हतं.

प्रश्न असा होता की कुठली वस्तू. एकेकटीच गरम करून पाहिली पाहिजे, बाकीच्या थंड ठेवून. स्वयंपाकघरातली सगळी साधनं त्यांनी मनातल्या मनात तपासली आणि रद्द केली. मग त्यांची नजर कपाटाकडे गेली. स्मिताताईंचा केस वाळवायचा ड्रायर त्यांच्या मुलीने, प्राचीने, खारघरहून वाढदिवसाला आणला होता आणि त्याला हात लावायची हळब्यांना परवानगी नव्हती. स्मिताताईंनी एक अट घातली : ड्रायर जाईल तिथे त्याही येणार.

मंगळवारी सकाळी बयाबाईंच्या अंगणात मोटर एका लाकडी घोड्यावर बांधली. बयाबाईंना हे सगळं मान्य नव्हतं. बाजीराव उद्या टेम्पो घेऊन येणार होता. हळब्यांनी त्यांना सांगितलं की देवजीराव मोटरीला बोटही लावणार नाहीत. दोरी तुम्हीच ओढायची. हे ऐकून बयाबाई तयार झाल्या. देवजी दूर जाळ्यांच्या ढिगावर बसले आणि त्यांनी दोन्ही हात काखेत घातले, सगळ्यांना दिसतील असे. पेट्रोलची टाकी आधीच घराच्या पलीकडे नेऊन ठेवली होती. हळब्यांनी दोन दिवस वाचून तयारी केली होती : प्लग काढून त्याचं टोक मोटरीच्या अंगाला टेकवायचं, रबरी मुठीच्या पकडीत धरायचं, आणि दोरी ओढली की ठिणगी उडते का ते बघायचं. ठिणगी नाही तर मोटर नाही.

बयाबाईंनी दोरी ओढली. निळी, लखलखीत ठिणगी. मग हळब्यांनी एका भागावर पाच मिनिटं गरम हवा सोडली. ठिणगी तशीच. दुसऱ्या भागावर. तशीच. बयाबाईंचा चेहरा 'मी सांगितला नव्हता' असा होऊ लागला. तिसरा भाग म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, काळी, कोपऱ्यात बसवलेली कॉइल, जी प्लगला ठिणगीची वीज पुरवते. तिच्यावर स्मिताताईंनी स्वतः ड्रायर धरला. पाच मिनिटं झाली.

बयाबाईंनी दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. काही नाही. तिसऱ्यांदा त्यांनी अशी ओढली की घोडा हलला. प्लगचं टोक काळंच राहिलं.

हळब्यांनी ओलं फडकं पिळून कॉइलवर ठेवलं आणि सगळे बसून राहिले. दहा मिनिटांनी फडकं काढलं, बयाबाईंनी ओढली, आणि ठिणगी आली.

"परत दाखवा," बयाबाई म्हणाल्या.

परत दाखवलं. गरम केली, ठिणगी गेली. थंड केली, आली. त्यांनी तिसऱ्यांदाही करायला लावलं, आणि या वेळी ड्रायर स्मिताताईंकडून आपल्या हातात घेतला. ठिणगी गेल्यावर त्यांनी ड्रायर बंद केला.

"म्हनजे तुमी काय दाबत नव्हते," त्या देवजींकडे न वळता म्हणाल्या.

देवजींनी काखेतले हात काढले. "चार महिने तेच सांगतंय," ते म्हणाले.

बयाबाई आत गेल्या. हळब्यांना वाटलं, रडायला गेल्या. त्या फोन आणायला गेल्या होत्या. सगळ्यांसमोर त्यांनी बाजीरावाला फोन लावला आणि सांगितलं की टेम्पो आनू नको, मशीन घरातच लागते. कारण त्याने विचारलं असावं. बयाबाईंनी ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या की ज्याची मशीन हाय, त्याचा हात चांगला हाय.

नवी कॉइल लगेच मिळाली नाही. मोटर ज्या विक्रेत्याकडून आली होती त्याच्याकडे हळब्यांनी रीतसर पत्र पाठवलं : मिनिटांची नोंद, झाकणाचा तपशील, तिन्ही प्रयोग, असं चार पानी. असं पत्र तक्रार विभागात कधी आलं असतं तर आपण काय केलं असतं, असा विचार त्यांच्या मनात आला नाही. उत्तर आलं तेव्हा आला. उत्तर दोन ओळींचं होतं. मोटर तपासणीत निर्दोष आढळली असून दोष वापरणाऱ्याच्या हाताळणीत असावा. हळब्यांनी ते पत्र दोनदा वाचलं. भाषा चांगली होती. खालच्या सहीकडे ते बराच वेळ बघत बसले. सही तरुण वाटत होती. मग त्यांनी पत्र घडी करून ठेवून दिलं, मुंबईत मसजिद बंदरला जाऊन तशीच कॉइल स्वतः शोधून आणली, आणि त्या दिवशी घरी आल्यावर ते पंख्याखाली न बसता गॅलरीत बसले.

नवी कॉइल देवजींनीच बसवली. टोपी घट्ट लावली. भरतीची वेळ बघून हळबे, स्मिताताई आणि वही होडीत बसले. एकोणिसाव्या मिनिटाला हळब्यांनी श्वास रोखला. मोटर चालत राहिली. पस्तिसाव्या मिनिटाला स्मिताताईंनी त्यांना श्वास सोडायला सांगितलं. एक तास दहा मिनिटांनी देवजींनी, सायेब आता पुरे, मना जाळी टाकायचीत, असं म्हणून दोघांना जेट्टीवर उतरवलं आणि ते एकटेच परत खाडीत गेले. बयाबाई बाजारात होत्या. त्या बघायलाही आल्या नव्हत्या.

आता खरं तर हळब्यांचं काम संपलं होतं. पण त्यांना झोप लागेना. कॉइल दोषी, हे कळलं. पण गरम झाल्यावरच का? थंड असताना तीच कॉइल गुणी कशी? आत एखादी तार तुटली असेल का, केसाएवढी, जी थंडीत टोकाला टोक लावून असते आणि तापली की सरकते? ते बघायचं तर कॉइल कापायला हवी. त्यांनी बारीक पात्याची करवत आणली, भिंग आणलं, जुनी कॉइल ठेवायला कापडही आणलं, आणि ती मागायला जेट्टीवर गेले.

देवजी तिथे चारपाच जणांच्या घोळक्यात उभे होते. त्यांच्या हातात जुनी कॉइल होती. एका दांडग्या माणसाच्या तळहातावर त्यांनी ती ठेवली, त्याची बोटं मिटवली, आणि उन्हात धरायला लावली. मग सावकाश, मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं ते त्याला सांगू लागले की ही गरम झाली का ठिनगी देत नाय, चूक हिची, मानसाची नाय. तो माणूस मान डोलवत होता. सगळं ऐकून झाल्यावरच देवजींनी कॉइल परत घेतली, रुमालात गुंडाळली आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली.

हळब्यांनी आपली विनंती सांगितली. देवजींनी ती नीट ऐकली. ज्या माणसाने आपल्यासाठी एवढं केलं त्याला नाही म्हणणं त्यांना जड जात होतं, ते दिसत होतं. ते म्हणाले, देतो सायेब, तुमचीच हाय, पन जरा थांबा.

हळबे आठ दिवस थांबले. मग पंधरा. दर सकाळी चालायला गेले की ते विचारत. कधी देवजी कॉइल घेऊन भाच्याकडे गेलेले असत, कधी देवळाच्या पायरीवर बसलेले असत आणि कोणाच्या तरी हातात ती असे. घरी करवत आणि भिंग टेबलावर तसंच होतं. स्मिताताईंनाही आता आत काय आहे ते बघायचं होतं, त्या स्वतःच आठवण करत. महिना उलटल्यावर हळब्यांनी धीर करून स्पष्टच विचारलं की नक्की कधी मिळेल.

देवजींनी खिशावर हात ठेवला आणि मनात काहीतरी मोजलं.

"आजून चार घरा ऱ्हायलीत," ते म्हणाले.